स्पोर्ट्स कार जॅकवर घेण्याआधी: योग्य अ‍ॅडॅप्टर कसा निवडायचा

स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली जॅक लावता येईल अशा जागा बहुधा चारच असतात. बाकी सगळीकडे प्लास्टिकचा अंडरट्रे, पातळ पत्रा, फायबर, आणि त्यांच्या आड ब्रेकच्या आणि कूलंटच्या नळ्या. साध्या हॅचबॅकखाली लाकडाचा ठोकळा सरकवला तरी काम भागतं, कारण तिथे हात घालायला जागा असते. पोर्शे ९११ किंवा कॉर्व्हेटखाली जागा जेमतेम १०० ते १३० मिलिमीटर. त्यात जॅकची वाटी, म्हणजे गाडीला टेकणारं डोकं, गोल आणि दातेरी, तर गाडीचा पॉइंट कधी चौकोनी, कधी भोकाचा, कधी नुसती पत्र्याची कड. हे दोन आकार जुळवणारा तुकडा म्हणजे अ‍ॅडॅप्टर. कुणी त्याला पक म्हणतं, कुणी पॅड.

अ‍ॅडॅप्टरला दोन तोंडं असतात: वरचं गाडीच्या पॉइंटमध्ये बसतं, खालचं जॅकच्या वाटीत. नवखा माणूस वरचं तोंड आपल्या गाडीला बसतंय का एवढंच बघतो आणि ऑर्डर देऊन मोकळा होतो. खालचं तोंड वाटीत नुसतं टेकलेलं असेल तर गाडी वर जाताना अ‍ॅडॅप्टर तिथूनच निसटतो. दोन्ही टोकांना अडकणारा अ‍ॅडॅप्टर घ्यायचा, ही या लेखातली पहिली अट. पुढचं सगळं मोजमाप त्यासाठीच आहे.

पॉइंट ओळखा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये जॅक पॉइंटचं चित्र असतं. ते बघा, मग टॉर्च घेऊन चारही पॉइंट प्रत्यक्ष बघा. चारही. जुन्या गाडीत एखादा पॉइंट आधीच्या कुणीतरी दाबलेला असतो, आणि आपल्याकडे वरून स्पीडब्रेकर आहेत. त्यांना घासून दाराखालची कड वाकलेली किंवा प्लास्टिकचं पॅड उडालेलं सहज सापडतं. पॉइंटवर चिखल आणि खडी चिकटलेली असेल तर ब्रशने साफ करा, नाहीतर माप चुकतं आणि अ‍ॅडॅप्टर तिरका बसतो.

पॉइंटचे ढोबळ चार प्रकार आहेत.

पहिला, पिंच वेल्ड. दाराखाली पत्र्याचे थर एकत्र वेल्ड करून खाली उतरलेली उभी कड. माझदा एमएक्स-५, टोयोटा जीआर८६, २०१५ नंतरची मस्टँग या सगळ्यांना हीच. कड पूर्ण लांबीभर असते, पण जॅक लावायची जागा तिच्यावरच्या दोन खुणांच्या किंवा छोट्या खाचांच्या मधलीच. तिथे आतून जाड पत्रा असतो. चार बोटं पुढेमागे झालं तरी कड दुमडते. इथे खाच असलेलं रबर किंवा पॉलियुरेथेनचं पॅड लागतं.

दुसरा, चौकोनी खळगा. बीएमडब्ल्यू आणि मिनीला दाराखाली प्लास्टिकचे चौकोनी ठोकळे असतात, त्यांच्या मधोमध लांबट चौकोनी खळगा. अ‍ॅडॅप्टरचं डोकं त्या खळग्यात जातं. हे ठोकळे प्लास्टिकच्या खुंट्यांवर अडकलेले असतात. सपाट जॅक लावून तो जरा सरकला की खुंट्या तुटतात आणि ठोकळा हातात येतो. तुटका ठोकळा तसाच ठेवून अ‍ॅडॅप्टर लावू नका, आधी ठोकळा बदला. तो महाग नसतो.

तिसरा, गोल खळगा किंवा भोक. पोर्शे ९११, बॉक्सस्टर, केमन यांना पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे गोल बैठक आणि मध्ये भोक असतं. टेस्लाच्या गाड्यांनाही गोल भोकंच असतात, आणि तिथे पॉइंट चुकला तर जॅक थेट बॅटरीच्या पेटीवर जातो. या प्रकाराला मध्ये पिन आणि भोवती रुंद खांदा असलेला पक लागतो.

चौथा प्रकार कॉर्व्हेटचा. सी५ (१९९७–२००४), सी६ (२००५–२०१३) आणि सी७ (२०१४–२०१९) या तिन्ही पिढ्यांत चौकटीच्या खालच्या अंगाला लांबट खाच आहे. पकचं डोकंही लांबट. ते खाचेच्या दिशेने आत घालायचं आणि पाव फेरा फिरवायचं. मग पक गाडीलाच लटकून राहतो आणि दोन्ही हात जॅकसाठी मोकळे होतात. सी५पासून कॉर्व्हेटमध्ये स्टेपनी नाही, त्यामुळे कंपनीचा जॅकही नाही. पंक्चर झालं की समोरचा माणूस जो जॅक आणेल त्यावर भिस्त, म्हणून हे पक गाडीतच ठेवावे लागतात. मात्र गाडी खाली आली की पक काढायचे. लावून ठेवलेला पक पहिल्या मोठ्या खड्ड्यात जमिनीवर आपटतो आणि खाच वाकवतो. सी८मध्ये इंजिन मागे गेलं आणि चौकटच वेगळी झाली. जुन्या पिढ्यांचे पक तिला बसतील असं गृहीत धरू नका.

माप घ्या, आधी गाडीचं आणि मग जॅकचं

१५० मिलिमीटरचा व्हर्नियर कॅलिपर, स्टीलची पट्टी आणि टॉर्च एवढं पुरतं. सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, गाडी चाकांवर उभी असताना मापं घ्या.

पिंच वेल्ड असेल तर कडेची जाडी आणि उंची लागते. जाडी अंडरकोटिंगसकट मोजा. कोटिंगमुळे कड जिथे सर्वांत जाड आहे त्यापेक्षा खाच १ ते २ मिलिमीटर रुंद हवी. अरुंद खाच कोटिंग खरवडते. तिथे पावसाचं पाणी शिरलं की वर्षभरात गंज दिसायला लागतो, कोकणच्या हवेत त्याआधीच. फार रुंद खाचेत कड एका बाजूला कलते. खाच किती खोल हवी याचं उत्तर मॅन्युअलमधल्या चित्रात असतं: कंपनीचा जॅक कडेवर भार घेतो की कडेच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर, ते बघा आणि अ‍ॅडॅप्टरकडून तेच करून घ्या.

गोल किंवा चौकोनी खळग्यात लांबी-रुंदी कॅलिपरने मिळते, खोली मात्र नीट मिळत नाही, कारण तळ सरळ नसतो आणि डोळ्याला दिसतही नाही. यावर सोपा उपाय म्हणजे मुलांच्या खेळण्यातला क्ले. गोळा करून खळग्यात दाबायचा, हळूच बाहेर काढायचा, आणि निघालेल्या ठशावर कॅलिपर लावायचा. आतला उतार, कोपऱ्याची गोलाई, मधलं भोक सगळं त्या ठशावर उमटतं. चिकटू नये म्हणून आधी वरून पातळ प्लास्टिक लावा. क्ले नसेल तर घट्ट मळलेली कणीक चालते.

आता जॅक. वाटीचा आतला व्यास, काठाची किंवा दातांची उंची, आणि वाटीत आधीपासून रबर पॅड असेल तर ते निघतं का, हे पाहा. बाजारातल्या ट्रॉली जॅकच्या वाट्या एका मापाच्या नसतात, म्हणून ‘सगळ्या जॅकना बसतो’ असं लिहिलेल्या अ‍ॅडॅप्टरचं खालचं तोंड बहुधा नुसतं सपाट असतं. काही अ‍ॅडॅप्टरना खाली लोहचुंबक असतो. लोखंडी वाटीत तो उपयोगी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या रेसिंग जॅकवर वाटीही अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तो काही धरत नाही. आणि लोखंडी वाटीतसुद्धा चुंबक फक्त अ‍ॅडॅप्टर पडू देत नाही, गाडीचा आडवा ओढा तो पेलत नाही. तो पेलायला वाटीच्या काठात बसणारी गोल बैठकच हवी.

उंची: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती

अ‍ॅडॅप्टर बुटका असला की झालं, असं अनेकांना वाटतं. पण उंचीला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे.

जास्तीची मर्यादा जॅक गाडीखाली जाण्याची. समजा पॉइंटची जमिनीपासून उंची १२० मिलिमीटर भरली. लो-प्रोफाइल जॅक पूर्ण खाली असताना वाटी ८५ मिलिमीटरवर आहे. अ‍ॅडॅप्टर वाटीच्या वर ३५ मिलिमीटर उभा राहतो. बेरीज १२०. म्हणजे जॅक सरकवायला शून्य जागा. वर किमान १० मिलिमीटर मोकळे हवेत, त्यामुळे हा जोड बसत नाही. दोन उपाय आहेत. एक, कॉर्व्हेटसारखा गाडीतच आधी अडकवता येणारा पक घ्या आणि खालून रिकामी वाटी सरकवा. त्यातही पकखाली वाटी जाईल एवढी जागा लागतेच. दुसरा उपाय जास्त सोपा: गाडी ४० मिलिमीटर जाडीच्या लाकडी फळ्यांवर चढवा. फळी ३० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर लांब, पुढची कड तिरकी कापलेली. एवढ्याने पॉइंट १६० मिलिमीटरवर येतो आणि हाच जॅक अ‍ॅडॅप्टरसकट आरामात आत जातो.

कमीची मर्यादा विसरली जाते, आणि महागातलं नुकसान तिथेच होतं. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये दाराखालचं साइड स्कर्ट पॉइंटपेक्षा खाली लोंबतं. स्कर्ट पॉइंटच्या २० मिलिमीटर खाली असेल आणि अ‍ॅडॅप्टर वाटीच्या दातांच्या वर फक्त १५ मिलिमीटर उभा असेल, तर गाडीचं वजन अ‍ॅडॅप्टरवर येण्याआधी वाटीचा काठ स्कर्टला भिडतो. प्लास्टिक असेल तर चरे पडतात, फायबर किंवा कार्बन असेल तर तडकतं. पट्टी आडवी धरून स्कर्ट किती खाली आहे ते मोजा, त्यात ५ मिलिमीटर मिळवा. वाटीच्या दातांच्या वर अ‍ॅडॅप्टर निदान इतका उभा राहिला पाहिजे. रबर असेल तर आणखी ३-४ मिलिमीटर धरा, कारण वजनाखाली ते दबतं.

या दोन आकड्यांच्या मधली उंची निवडा. शिवाय उंची व्यासापेक्षा जास्त नको. व्यासाच्या निम्म्याइतकी असेल तर उत्तम. ६० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर उंचीचा अ‍ॅडॅप्टर दिसायला दणकट वाटला तरी जरा तिरपा भार येताच लवंडतो. उंची कमी पडते म्हणून एकावर एक दोन पक रचणं तर मुळीच नको.

भार किती येतो

१,४०० किलोची गाडी म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर ३५० किलो, हा हिशेब दोन कारणांनी चुकतो. वजन सारखं वाटलेलं नसतं. ९११मध्ये साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर असतं. आणि स्पोर्ट्स कारची बॉडी ताठ असते. ९११ मागच्या पॉइंटवरून उचलली की त्याच बाजूचं पुढचं चाकही जमीन सोडतं. त्या क्षणी एका अ‍ॅडॅप्टरवर जवळपास निम्मी गाडी, म्हणजे ७०० किलोच्या आसपास भार असतो. म्हणून अ‍ॅडॅप्टरची क्षमता निदान अख्ख्या गाडीच्या वजनाएवढी हवी. जॅक २ टनी किंवा त्यावरचा. क्षमता कुठेच लिहिलेली नसेल तर तो अ‍ॅडॅप्टर घेऊ नका.

रुंदी का महत्त्वाची, तेही आकड्यात पाहा. पिंच वेल्डची ५ मिलिमीटर जाड कड सपाट वाटीवर ६० मिलिमीटर लांबीभर टेकली तर क्षेत्रफळ फक्त ३ चौरस सेंटिमीटर. ५०० किलो भाराला दाब होतो चौरस सेंटिमीटरला १६५ किलोच्या वर. तोच भार ७५ मिलिमीटर व्यासाच्या पकने सपाट बैठकीवर दिला तर ४४ चौरस सेंटिमीटरवर पसरतो, आणि दाब ११-१२ किलोवर येतो.

कशाचा बनलेला हवा

रबर सर्वांत क्षमाशील. गाडीचा रंग, कोटिंग सांभाळतं, घसरत नाही. पण कडक हवं. मऊ रबर भाराखाली कडेने फुगतं आणि खाच उघडते. पॉलियुरेथेन, शोअर ए या कडकपणाच्या मापावर ९० च्या आसपासचं, हे पिंच वेल्डसाठी आमच्या मते सर्वांत चांगलं: रबरासारखं पकडतं, पण फारसं दबत नाही आणि तेलाने खराब होत नाही. अमेरिका-कॅनडात अनेक जण आइस हॉकीची पक खाच पाडून वापरतात. तिचा व्यास ७६ आणि जाडी २५ मिलिमीटर, रबर कडक. काम निघतं, मात्र खाच खोल पाडली की खाली उरलेला थर पातळ होतो आणि काही वापरांनंतर पक खाचेच्या रेषेत चिरते. चीर दिसली की टाकून द्यायची.

डेल्रिन हे कडक, गुळगुळीत प्लास्टिक पिनवाल्या आणि खळग्यात बसणाऱ्या पकसाठी छान आहे, कारण तिथे पकड आकारामुळे मिळते, घर्षणामुळे नाही. नायलॉनही चालतं, पण ते हवेतला ओलावा शोषून किंचित फुगतं. उन्हाळ्यात बरोबर बसलेली पिन जुलैत अडकू शकते.

अ‍ॅल्युमिनियमचे पक मजबूत आणि देखणे असतात. पण धातूवर धातू घसरतो, त्यातून वाटीत तेलाचा हात लागलेला असेल तर जास्तच. वर किंवा खाली रबराची चकती असलेलाच घ्या. पातळ पत्र्याच्या बैठकीवर नुसता अ‍ॅल्युमिनियमचा पक रंग काढतो.

लाकडाचा तुकडा कडेवर लावताना रेषा कडेला समांतर असतील तर तो उभा फाटतो. थ्रीडी प्रिंट केलेले अ‍ॅडॅप्टर टाळा. ते थरांच्या सांध्यात तुटतात, आणि पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेला पीएलएचा पक संध्याकाळी कोणत्या आकारात असेल याची खात्री नाही.

लेथवर करून घ्यायचा असेल तर

परदेशातून मागवलेला पक महिनाभराने येतो आणि कधी चुकीचाही येतो. भोसरी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागात लेथवाला डेल्रिनच्या रॉडमधून चार पक एका दुपारी काढून देऊ शकतो, फक्त त्याला कागदावर नेमकी मापं लागतात. गोल खळग्याच्या पकसाठी रेखाटनात पुढचं सगळं हवं.

खांद्याचा व्यास: गाडीच्या बैठकीपेक्षा २ मिलिमीटर कमी, म्हणजे तो काठावर न चढता सपाट बसेल. पिनचा व्यास: भोकापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर कमी. पिनची लांबी: भोकाच्या खोलीपेक्षा २ ते ३ मिलिमीटर कमी, आणि यात तडजोड नाही. पिनचं काम फक्त जागा धरणं. वजन खांद्याने घ्यायचं. पिन लांब झाली तर ती आधी तळाला टेकते, खांदा हवेत राहतो आणि ७०० किलो एका अंगठ्याएवढ्या टोकावर येतात; आतला पत्रा किंवा झाकण वर ढकललं जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पक बसवल्यावर खांदा आणि बैठक यांच्या मध्ये कागदाची पट्टी घालून बघा. कुठूनही आत गेली तर पिन लांब आहे किंवा खळग्यात घाण आहे.

पिन आणि खांदा जिथे मिळतात तो आतला कोपरा काटकोनी ठेवू नका, १ मिलिमीटरची गोलाई सांगा. चिरा तिथूनच सुरू होतात. त्या गोलाईला जागा मिळावी म्हणून भोकाची कड धारदार असेल तर पिनच्या बुडाशी बारीक खोलगट जागा ठेवायला सांगा. बाहेरच्या कडांना १ मिलिमीटर उतार. खालची बैठक: जॅकच्या वाटीच्या आतल्या व्यासापेक्षा १ ते २ मिलिमीटर कमी, काठाच्या उंचीपेक्षा ५ मिलिमीटर जास्त. पिनवर ओ-रिंगसाठी, म्हणजे रबराच्या गोल कड्यासाठी, छोटी खाच पाडून घेतली तर पक खळग्यात अडकून राहतो आणि चार पक लावून गाडी आरामात एकेका बाजूने उचलता येते. रॉड भरीव हवी, पाइप नको. आधी एकच पक करून घ्या, गाडीला लावून पाहा, मग उरलेले तीन.

घोडीचा प्रश्न

जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजमधली घोडी, लागतेच. अडचण अशी की घोडीलाही तोच पॉइंट हवा असतो जो जॅकने अडवलेला आहे.

९११, केमनसारख्या ताठ गाडीत मागच्या पॉइंटवरून उचलून त्याच बाजूच्या पुढच्या पॉइंटखाली घोडी लावता येते, पण मागच्या पॉइंटचा प्रश्न उरतोच. १९८९ ते २००५च्या एमएक्स-५ला पुढचा क्रॉसमेंबर (चौकटीचा आडवा दांडा) आणि मागचा डिफरन्शियल (दोन चाकांमधली गिअरची पेटी) हे मधले पॉइंट आहेत. तिथे रुंद सपाट रबर पॅडने उचलायचं आणि घोड्या बाजूच्या पिंच वेल्डखाली लावायच्या. मधला पॉइंट ज्या गाडीला नाही तिच्यासाठी जॅकभोवती उभी राहणारी दोन तुकड्यांची घोडी मिळते: जॅक तिच्या मधून वर जातो, पॉइंटखालचा आडवा तुकडा गाडीबरोबर उचलला जातो, पाय नंतर पिनने जोडले जातात आणि जॅक खाली घेऊन काढता येतो. महाग आहे, पण वर्षातून चार-पाच वेळा गाडीखाली जाणाऱ्याने पहिला खर्च यावर करावा, चकचकीत पकवर नाही.

साध्या घोडीचं डोकं इंग्रजी वाय अक्षरासारखं असतं. त्यावर गोल पक ठेवला तर तो दोन धारांवर टेकतो आणि डुगडुगतो. सपाट डोक्याची घोडी घ्या, किंवा डोक्यावर अडकणारं रबर पॅड. शक्यतो पिन असलेली घोडी बरी. दात आणि खिट्टीवर चालणाऱ्या घोडीत खिट्टी पूर्ण बसली की नाही ते नेहमी दिसत नाही. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानसाखळीला पिट्सबर्ग ब्रँडच्या ३ आणि ६ टनी घोड्या याच कारणाने परत मागवाव्या लागल्या होत्या.

पहिली उचल

जागा सपाट आणि कडक हवी. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक दिसायला सपाट असतात, पण जॅकची छोटी लोखंडी चाकं त्यांच्या फटीत अडकतात, आणि हे धोकादायक आहे. ट्रॉली जॅकचा वाटी उचलणारा दांडा कमानीत वर जातो, त्यामुळे वाटी सरळ वर न जाता काही सेंटिमीटर हँडलच्या दिशेने येते. जॅकची चाकं मोकळी असतील तर जॅक गाडीखाली पुढे सरकून ती भरपाई करतो. चाकं अडकली तर वाटीच गाडीचा पॉइंट आडवा ओढते. पिंच वेल्ड वाकतात आणि पक निसटतात ते बहुतेक याच कारणाने. १८ मिलिमीटर प्लायचा मोठा तुकडा जॅकखाली टाका. उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर घोडीच्या पायांखालीही ३० बाय ३० सेंटिमीटरचे प्लायचे तुकडे लागतात.

मागचा भाग उचलणार असाल तर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरा लावा. हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्या चाकांवर असतो आणि तीच हवेत जाणार आहेत. रिअर व्हील ड्राइव्ह गाडी गिअरमध्ये ठेवून एकच मागचं चाक उचललं तरी साध्या डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. चाकाचे नट सैल करायचे असतील तर गाडी जमिनीवर असतानाच. सेंटर लॉकची, म्हणजे मधल्या एकाच मोठ्या नटवर बसणारी, चाकं असतील तर हे दुप्पट लक्षात ठेवा, तिथे टॉर्क शेकडो न्यूटन-मीटरचा असतो.

अ‍ॅडॅप्टर पॉइंटमध्ये लावा, जॅक सरकवा, आणि वाटी टेकेपर्यंतच पंप करा. खाली वाकून दोन दिशांनी बघा: बैठक वाटीच्या मधोमध आहे का, स्कर्टला काही लागतंय का. मग टायर जमिनीवरच राहील पण स्प्रिंग सैल होईल इतकं उचला. थांबा. आवाज ऐका, अ‍ॅडॅप्टर कललाय का ते पाहा. सगळं ठीक असेल तर आणखी ५ सेंटिमीटर, पुन्हा पाहा. पहिल्या वेळी एवढंच करा आणि गाडी खाली घ्या. अ‍ॅडॅप्टर काढून त्यावरच्या खुणा बघा. खुणा सारख्या उमटल्या असतील तर भार सरळ पडला. एकाच कडेला दाट खूण असेल तर माप किंवा जागा चुकली आहे, ते सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चारही कोपरे घोड्यांवर घ्यायचे असतील तर एक टोक एकदम पूर्ण उंचीवर नेऊ नका. आधी सगळ्या घोड्या सर्वांत खालच्या खिट्टीवर, मग एकेक टप्पा वर. गाडी घोड्यांवर आली की खाली जाण्याआधी मडगार्डवर हात ठेवून दोन्ही बाजूंनी जोरात ढकलून बघा. आत्ता हलली तर बरं, खाली माणूस नाही. काढलेली चाकं दाराखालच्या भागाखाली आडवी सरकवून ठेवा.

गाडीत काय ठेवायचं

पंक्चरवाल्याकडे बहुधा लहान लोखंडी डोक्याचा बॉटल जॅक किंवा झिजलेल्या वाटीचा ट्रॉली जॅक असतो, आणि तो सवयीने दाराखालच्या कडेवरच लावतो. दोन अ‍ॅडॅप्टर डिकीत असू द्या, पॉइंट तुम्ही दाखवा, आणि अ‍ॅडॅप्टर स्वतःच्या हाताने लावा. बॉटल जॅकचं डोकं लहान असतं आणि वाटीसाठी केलेली बैठक त्यावर अडकत नाही. अशा वेळी दुसरा जॅक मागा किंवा टोइंग बोलवा. टू-पोस्ट लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्येही हेच पक हातांच्या पॅडवर ठेवता येतात, पण लिफ्टच्या पॅडचा व्यास आधी विचारून घ्या.

रबर आणि पॉलियुरेथेन दर वापरानंतर पुसून, वाकवून बघा. बारीक चिरा, कडेचा तुकडा निघालेला, खाच रुंदावलेली यातलं काहीही दिसलं तर तो अ‍ॅडॅप्टर बाद. डेल्रिनवर पिनच्या बुडाशी पांढरट रेघ दिसली तर तोही बाद, कारण पुढच्या उचलीला चीर तिथूनच जाते.